सर्वांना एकच नियम, म्हणजे न्याय झाला का?



आज थोडं मनातलं बोलू. गोष्ट जुनी आहे, पण आम्हा महिला सेवा गटाच्या मनात ती अजून सलते.

मार्च २०२० आठवतो ना? कोरोनाने देशातला पहिला मृत्यू झाला तो आपल्या शेजारच्या कलबुर्गीच्या एका वृद्धांचा. २५ मार्चपासून सगळा देश बंद. नौबादमध्ये आपणही दारं लावून घेतली. भीती खरी होती, नियमही गरजेचे होते.

आमच्या गल्लीत एका ताईंचा मुलगा आहे, तेव्हा चौदा वर्षांचा. तो स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. सकाळी मोठ्या रस्त्यापर्यंत चालणं, मग दूध, मग शाळेची गाडी, असा त्याचा रोजचा क्रम. तो क्रम म्हणजेच त्याचा आधार. एका रात्रीत तो मोडला. "शाळा कधी?" हा एकच प्रश्न तो दिवसभर विचारायचा. झोप उडाली. भिंतीवर डोकं आपटू लागला. मास्क नाकाला लागला की ओरडायचा. थेरपीसाठी सिकंदराबादला जात होते, तेही थांबलं, कारण बस नाही, रेल्वे नाही.

शेवटी ताई पहाटे पाचला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, त्याला थोडं फिरवून आणू लागल्या. तेवढ्यावर तो दुपारपर्यंत शांत राहायचा.

आणि आम्ही काय केलं? खिडकीतून पाहिलं. आमच्यातल्याच एकीने गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं, "नियम सगळ्यांना सारखा आहे, मुलाला आवरा." बाकी आम्ही सगळ्यांनी त्याखाली हात जोडले. ताईंनी फिरणं बंद केलं. पुढचे कितीतरी दिवस त्या घरातून ओरडणं ऐकू यायचं आणि आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो.

आता विचार करू. नियम सारखा होता, पण त्याचं ओझं सारखं होतं का? आम्हाला घरात बसणं म्हणजे कंटाळा. त्या मुलाला घरात बसणं म्हणजे जग कोसळणं, आणि आईला चोवीस तास त्या कोसळण्याखाली उभं राहणं. घरात एकाला ताप असेल तर आपण सगळ्यांना एकच ताट वाढतो का? त्याला पेज देतो. त्याला कुणी पक्षपात म्हणत नाही.

एप्रिल २०२० मध्येच फ्रान्स आणि इंग्लंडच्या सरकारांनी स्वमग्न व्यक्तींना बाहेर फिरायला जास्त मोकळीक दिली होती. तिथेही साथ होतीच, नियमही कडक होते. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि गरजेप्रमाणे योग्य सोय करून देणं हेही त्यात आहे. म्हणजे सवलत ही दया नाही, हक्क आहे.

कुणी म्हणेल, असं प्रत्येकाने कारण काढलं तर नियम राहील कुठे? प्रश्न बरोबर आहे. पण नियम कशासाठी होता ते पाहावं. जीव वाचावा म्हणून. रिकाम्या रस्त्यावरच्या त्या मायलेकांमुळे कुणाचा जीव धोक्यात येत होता? कुणाचाच नाही. आम्हाला नियमापेक्षा आमचं बरोबर असणं प्यारं होतं. अहंकार तो हाच.

मागच्या वर्षी आम्ही ताईंच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मुलाचा त्रास नव्हता हो मला. तुमच्या खिडक्यांची भीती वाटायची." आम्हाला काही बोलता आलं नाही.

तेव्हापासून आमच्या सत्संगात दाराजवळची एक जागा त्या मुलासाठी असते. स्पीकर बारीक ठेवतो. वेळ किंवा घर बदलणार असेल तर ताईंना दोन दिवस आधी कळवतो, म्हणजे त्या त्याला चित्र काढून समजावतात. तो आरतीला कान झाकून उभा राहतो. राहू दे. तो येतो, हे महत्त्वाचं.

आपल्याही गल्लीत, नात्यात असं एखादं घर असेल. या आठवड्यात तिथे जाऊ या. उपदेश करायला नको, फक्त विचारू या, "आमच्याकडून काय हवं?" आणि आईला तासभर मोकळं करू या. गुरुमाऊलींच्या चरणी हीच सेवा रुजू होवो.

आपल्याच,
महिला सेवा गट, नौबाद 🙏