न संपणारी तारली

मालवणजवळच्या देवबागात उभे राहिले की एका हाताला कर्ली नदी, दुसऱ्या हाताला अरबी समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. खाडीची मासळी वेगळी, दर्याची वेगळी, हे इथल्या पोरांना शिकवावे लागत नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या व्हिडिओ गेमलाही हे भान आहे. तारली तिथे फक्त समुद्रात मिळते, सकाळी सहा ते संध्याकाळी सात, आणि उन्हाळ्यात मुळीच नाही. गेममध्ये ती गळाला लागते. देवबागचा माणूस तारलीसाठी गळ टाकणार नाही, ती जाळ्याची मासळी.

एरिक बॅरोनने चारेक वर्षे एकट्याने खपून बनवलेला हा गेम फेब्रुवारी 2016 मध्ये आला. त्याचा आदर्श 1996 चा जपानी ‘हार्वेस्ट मून’. यासुहिरो वादा टोकियोत राहू लागला, तेव्हा क्यूशूतले मागे सुटलेले गाव आठवून त्याने तो रचला. पुढे ‘हार्वेस्ट मून’ हे नाव एका कंपनीकडे राहिले आणि मूळ मालिका परदेशात दुसऱ्या नावाने विकावी लागली. माझ्या मते वादाचा खरा वारसा त्या दोघांहून बॅरोननेच जपला.

एक गोष्ट मात्र त्याच्या हातून सुटली. जुन्या गेममध्ये अडीच वर्षांनी आई-वडील येत, पोराने काय कमावले ते बघत आणि खेळ संपे. नव्यात तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला खेळाडूचे आजोबा हिशेब घेतात, पण खेळ चालूच राहतो. समुद्रही तसाच. आज कितीही तारली काढा, उद्या तेवढीच हजर.

हे मला मालवणच्या किनाऱ्यावर फार खटकते. रापणीचे जाळे होडीतून अर्धवर्तुळात सोडतात, दोन्ही टोकांचे दोर माणसे वाळूत पाय रोवून ओढतात, मग मासळीचे वाटे पडतात. मासळीच नसेल तर वाटा कसला? मोठ्या जाळ्याने वेढा टाकणाऱ्या पर्ससीन नौका थवेच्या थवे उचलू लागल्या, तेव्हा पारंपरिक मच्छीमार रस्त्यावर उतरले. 5 फेब्रुवारी 2016 रोजी, म्हणजे गेम आला त्याच महिन्यात, राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले.

म्हणून या गेमचा पुढचा वारस असा हवा, ज्यात दर्या आटतो, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद ठेवून होड्या किनाऱ्यावर ओढाव्या लागतात आणि एकाने जास्त उपसले की शेजाऱ्याचे जाळे रिकामे येते. किनाऱ्यावरच्या ज्या मुलामुलींना कोड लिहिता येतो, त्यांनी असा गेम बनवायला घ्यावा.