क्लारा, कियारा आणि ताटातले तांदूळ

३० ऑक्टोबर २०२२ च्या रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेन विरुद्ध कोलंबिया. शेवटच्या काही मिनिटांत कोलंबियाकडून स्वयंगोल झाला आणि स्पेनने १-० असा चषक नेला. क्रिकेटवर पोसलेल्या नवी मुंबईला खेळाचे बारकावे कितपत कळले कोण जाणे, पण ती नावे ऐकण्यासारखी होती. कोलंबियाच्या ज्या मुलीकडे सगळ्यांचे डोळे लागले होते, तिचे पूर्ण नाव लिंडा लिझेथ कायसेदो आलेग्रिया. स्पॅनिशमध्ये लिंडा म्हणजे देखणी. लिझेथ हे एलिझाबेथचेच एक रूप, मूळ हिब्रू. कायसेदो हे वडिलांकडचे आडनाव आणि आलेग्रिया, म्हणजे आनंद, हे आईकडचे.

उपांत्य सामने गोव्यात फातोर्ड्याला झाले होते. तिथे या नावांचे कुणालाच नवल वाटले नसेल. मारिया, फिलोमेना, एस्मेराल्दा, पिएदाद, कॉन्सेसांव या तिथल्या आज्या, माम्या आणि शेजारणी. आणि एवढे लांब तरी कशाला जायचे? आपल्या बेलापूरच्या पडक्या किल्ल्यातही एके काळी पोर्तुगीजांची शिबंदी होती. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत उत्तर कोकणात पोर्तुगीजांनी किल्ले बांधले, चर्च उभारली आणि माणसांना नावे दिली. किल्ले पडले. नावे मात्र शाबूत राहिली. वसईच्या बाजारात केळी विकणाऱ्या बाईच्या तोंडी मराठी असते आणि आधार कार्डावर लॅटिन नाव.

या नावांच्या अर्थांकडे मराठी वाचक गेला की पहिल्यांदा दचकतो. डोलोरेस म्हणजे वेदना, तेही अनेकवचनात. सोलेदाद म्हणजे एकटेपण. रेमेदिओस म्हणजे उपाय, औषध. कॉन्सेप्सिओन म्हणजे गर्भधारणा. पोटच्या पोरीचे नाव कुणी असे ठेवील? पण ही नावे त्या मुलीची नाहीतच. ती मेरीची आहेत. पूर्ण नाव असायचे मारिया दे लोस डोलोरेस, दुःखांची मेरी. घराघरांत मारिया झाल्यावर हाकेला ओ कुणी द्यायची, म्हणून मारिया गळाली आणि बिरुद उरले. मग आईच्या जिभेने त्या बिरुदाचेही तुकडे केले: डोलोरेसची लोला, कॉन्सेप्सिओनची कोंचिता, ग्वादालुपेची लुपे, रोसारिओची चारो. आपल्याकडे एकाच आदिमायेच्या अंबिका, शांता, मंगला, वत्सला होतात, तसाच हा प्रकार.

मर्सिडीज हेही त्यातलेच, दयेची मेरी. पाम बीच रोडवरून ज्या गाड्या सुसाट जातात, त्यांना हे नाव एमिल येलिनेक नावाच्या ऑस्ट्रियन व्यापाऱ्याच्या मुलीवरून मिळाले. १९०२ मध्ये डाइमलर कंपनीने त्याची नोंदणी केली. तो रस्ता ओलांडताना दया कुणाला आठवणार नाही, ते सोडा.

नाव निवडले कसे जायचे, तर बव्हंशी चर्चचे पंचांग पाहून. १६ जुलैच्या आसपास जन्मली तर कार्मेन, १५ सप्टेंबरला डोलोरेस, ७ ऑक्टोबरला रोसारिओ, ८ डिसेंबरला कॉन्सेप्सिओन, नाताळात नातालिया किंवा गोव्यात नातालिना. आमच्याकडे अवकहडा चक्रात नक्षत्राचा चरण बघून अक्षर काढतात, आत्या बाळाच्या कानात कुर्र करते आणि मग त्या अक्षराच्या नावासाठी घर पालथे घातले जाते. दोन्हीकडे मुलीचे नाव तिच्या जन्मदिवसाने अर्धे ठरवलेलेच असते. ‘अर्थ चांगला पाहिजे’ हा आग्रह मला तरी बराच अलीकडचा वाटतो. आपल्या पणज्यांची नावे भिमा, गंगू, चिमा, ठकू. त्यांचा अर्थ विचारायला कुणी शब्दकोश उघडला नव्हता.

मात्र एका नावाचा अर्थ सगळ्यांना पक्का ठाऊक होता. नकुशी. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात नकुशी, नकोशी अशी नावे असलेल्या २८५ मुलींचे एका समारंभात पुन्हा नामकरण झाले. मुलीच होत राहिल्या, आता पुरे, हे देवाला कळावे म्हणून ठेवलेली ती नावे होती. डोलोरेसशेजारी नकुशी ठेवून बघा. अर्थाने दोन्ही दुःखाचीच. पण डोलोरेसच्या दुःखाला देव्हाऱ्यात जागा आहे, ते एका आईचे दुःख आहे, तिच्या सणाला मिरवणूक निघते. नकुशीचे दुःख तिच्या बापाचे, आणि ते वाहायचे मात्र तिने.

याचा अर्थ लॅटिन नावे निष्पाप, असे मुळीच नाही. १५१९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर स्पॅनिश सरदार कोर्तेसला नजराणा म्हणून ज्या स्त्रिया मिळाल्या, त्यांतल्या एकीचा बाप्तिस्मा करून तिला मारिना केले गेले. पुढे तीच त्याची दुभाषी झाली. तिचे जन्मनाव काय होते यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मारिना मात्र बखरीत पक्के. शोचित्ल म्हणजे फूल, सित्लाली म्हणजे तारा, अशी तिथल्या मूळच्या नाउआत्ल भाषेतली नावे आज मेक्सिकोत मुली अभिमानाने लावतात. ग्वादालुपेचा पूर्वार्ध तर अरबी ‘वादी’तून आला, कारण स्पेनवर काही शतके अरबी राज्य होते. शकिरा ही गायिका कोलंबियाची, तिचे नाव अरबी, वडिलांचे घराणे लेबनॉनचे. ‘लॅटिन’ म्हणून जे आपण उचलतो, त्यात अर्धे जग मिसळलेले असते.

वसईत आणि मुंबई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाणांत ही नावे इतकी टिकली, त्याला भक्तीइतकेच कायद्याचेही कारण आहे. १९१७ च्या चर्च कायद्यानुसार बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती नाव देण्याची जबाबदारी धर्मगुरूवर होती. १९८३ च्या सुधारित कायद्याने ती अट सैल केली. नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसले की पुरे. त्यामुळे एकाच घरात आजी रोझलिन, आई सुनीता आणि नात पुन्हा एलेना असा क्रम दिसतो. मराठीत कविता आणि ललित लिहिणाऱ्या सिसिलिया कार्व्हालो वसईच्या. सिसिलिया हे रोमन घराण्याच्या नावावरून आलेले, त्या घराण्याच्या नावाच्या मुळाशी ‘आंधळा’ असा लॅटिन शब्द. संगीताची संरक्षक मानल्या जाणाऱ्या संत सिसिलियामुळे ते सुरेल झाले. अर्थ शोधणाऱ्या अ‍ॅपने हे नाव केव्हाच बाद केले असते.

आता खारघर-सीवूड्सच्या बालवाडीत चला. हजेरीपटावर कियारा, मायरा, आयरा, नायरा. कियारा म्हणजे इटालियन ‘क्यारा’, लॅटिन ‘क्लारा’: स्वच्छ, उजळ. असिसीच्या संत क्लाराचे नाव. २०१० च्या ‘अंजाना अंजानी’ चित्रपटात प्रियांका चोप्राच्या पात्राला ते मिळाले, तिथून आलिया अडवाणीने ते पडद्यासाठी उचलले आणि मग आमच्या सोसायटीत पोचले. मायरा हे नाव फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने चारशे वर्षांपूर्वी घडवले, असे मानतात. आपल्या नामसूचीत ते बिनदिक्कत संस्कृत ठरते आणि अर्थ ‘प्रिय’. मला या आईबापांची थट्टा करायची नाही. दोन-तीन अक्षरांत बसणारे, अमेरिकेतल्या शिक्षिकेला उच्चारता येणारे आणि आजीलाही अडू नये असे नाव त्यांना हवे आहे, ही खरी गरज आहे. अर्थ नंतर शिवून घेतला जातो. गंमत एवढीच की वसईत क्लारा हे म्हातारीचे नाव समजून पोरी नाक मुरडतात आणि तेच नाव चारशे-पाचशे वर्षांचा वळसा घालून खारघरच्या पाळण्यात नवेकोरे म्हणून येते.

पण अर्थाचा एवढा खल करून ठेवलेल्या या नावाचे आयुष्य किती? अजूनही अनेक मराठी लग्नांत लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यावर बायकोचे नवे नाव लिहितो. पंचवीस वर्षे जिला सगळे एका नावाने ओळखतात, ती पाच मिनिटांत दुसरीच होते. पाहुणे टाळ्या वाजवतात, मुली मोबाइलवर चित्रण करतात. नाव बदलायचे नाही असे मुलींनी सांगण्याचे प्रमाण शहरांत वाढले आहे, तरी ताट येतेच, आणि त्यावर तेच जुने नाव हौसेने लिहून घेतले जाते. लग्नानंतर वसईच्या क्लाराचे आडनाव बदलते, पण बाप्तिस्म्याचे नाव कुणी पुसत नाही. कोलंबियाच्या लिंडाची तर दोन्ही आडनावे लग्नानंतर कायद्याने तिचीच राहतील. पाब्लो नेरूदांच्या कितीतरी आधी, १९४५ मध्ये, लॅटिन अमेरिकेला साहित्याचे पहिले नोबेल मिळवून देणारी कवयित्री गॅब्रिएला मिस्त्राल मूळची लुसिला गोदोय आल्कायागा. तिनेही नाव बदलले, पण तिचे तिने.

तिकडचा हिशेबही पुरता चोख नाही. आईचे म्हणून जे आडनाव लागते ते आईच्या वडिलांचे, आणि रिवाजाने नातवंडांपर्यंत ते गळून पडते. स्पेनमध्ये आईचे आडनाव आधी लावण्याची मुभा आईबापांना १९९९ च्या कायद्याने मिळाली. पण रिवाजच चालला तर हवेहवेसे वाटणारे आलेग्रियाही दोन पिढ्यांचेच पाहुणे.

महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला: १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या शासकीय कागदपत्रांवर आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. इथे आईचे आडनाव नाही, खुद्द तिचे नाव आले, आणि या बाबतीत आपण स्पेनच्या एक पाऊल पुढे आहोत असे मी म्हणेन. पण त्याच निर्णयात विवाहित स्त्रीच्या नावाची पद्धत आहे तशीच ठेवली आहे: तिचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव. खारघरच्या पाळण्यातल्या कियाराच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव छापून आले. ते तिच्याबरोबर शाळेत जाईल, दहावीच्या गुणपत्रिकेवर येईल, पारपत्रावर येईल. मग एक दिवस ताट येईल.