सोडून दिलेला मासा

आयर्लंडमधील कॉरिब नदी जेमतेम ६ किलोमीटर लांबीची. सरोवरातून निघते आणि गॉलवे शहरातून समुद्राला मिळते. सॅमन आणि ट्राउट माशांसाठी ती नावाजलेली आहे. सॅमन समुद्रातून नदीत येतो तो अंडी घालायला. गोड्या पाण्यात तो अन्न घेत नाही, तरीही गळाला लागतो. हौशी मंडळी त्याला ओढून दमवतात आणि पुष्कळदा सोडून देतात. याला दया म्हणावे काय? मारण्यापेक्षा सोडणे बरे, हे खरे. पण गळ टाकणाराही तोच ना!

मुख्याध्यापक म्हणून मीही एका मुलाला वर्गासमोर रडेपर्यंत उभे केले आणि मग मोठ्या मनाने म्हणालो, "जा, माफ केले." जाताना त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. माफी खरे तर कोणी मागायची होती?