हट्टी म्हणण्याआधी हात लाव

वाई, ३१ मे

चि. ओंकार यास मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घोडबंदर रोडच्या त्या लॅब्रॅडॉरबद्दल सांगत होतास. दहा मिनिटं बरा चालतो आणि मग फतकल मारतो, खाऊ दाखवला तरी उठत नाही. ‘मामा, फार हट्टी आहे,’ असं म्हणालास आणि मी ‘बघू, कळवतो’ म्हणून फोन ठेवला. फोनवर बोललो असतो तर आवाज चढला असता आणि मग तुझ्या आईनं मला फैलावर घेतलं असतं. म्हणून हे पत्र.

हट्टी हा शब्द मीही वापरलाय. कुत्री शिकवायच्या आपल्या धंद्यात मी नवा होतो तेव्हा, कोथरूडला. राजा नावाचा चौदा महिन्यांचा जर्मन शेफर्ड. ‘चल’ म्हटलं की चालायचा, ‘थांब’ म्हटलं की थांबायचा, पण ‘बस’ म्हटलं की माझ्या तोंडाकडं बघत उभा. तेव्हा चोक चेनचा जमाना होता. मी एका हातानं साखळीला झटका द्यायचो आणि दुसऱ्या हातानं त्याचं ढुंगण खाली दाबायचो. आठवड्याभरात तो बसायला लागला, पण तिरका, मागचा एक पाय बाजूला टाकून. मालक खूश, मीही खूश. चार महिन्यांनी लंगडायला लागला तेव्हा एक्स-रे काढला. खुब्याच्या सांध्यात गोळा वाटीत नीट बसलेलाच नव्हता. हे दुखणं मोठ्या जातींत आनुवंशिक असतं, शेफर्ड आणि लॅब्रॅडॉरमध्ये तर नेहमीचं. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि विचारलं, ‘याला बसायला कोण शिकवत होतं?’ मालकांनी माझ्याकडं बघितलं.

राजा पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलायचा. ते मी रोज बघायचो आणि मला त्याची गंमत वाटायची.

तेव्हा यापुढं कुठल्याही घरी पहिल्या दिवशी गेलास की पट्ट्याला हात लावू नकोस. जमिनीवर मांडी घाल, कुत्र्याला तुझा वास घेऊ दे, आणि मग नाकापासून शेपटीपर्यंत त्याच्यावरून हात फिरव. मालकाला वाटेल लाड चाललेत. वाटू दे. ओठ वर करून हिरडी बघ. ती गुलाबी हवी. अंगठ्यानं दाब, पांढरी पडेल, आणि सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. फिकट दिसली तर रक्त कमी असेल, पिवळट असेल तर कावीळ, आणि निळसर असेल तर त्या क्षणी दवाखाना. काही कुत्र्यांच्या हिरड्या काळ्याच असतात, त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. दातांकडंही नजर टाक. पिल्लाचे दुधाचे २८ दात चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि त्या जागी ४२ येतात. त्या काळात पिल्लू चावरं झालंय अशी तक्रार घेऊन लोक तुझ्याकडं येतील. हिरड्या शिवशिवत असतात, दुसरं काही नाही. चावायला काहीतरी दे आणि दोरीची खेचाखेच थोडे दिवस बंद ठेव.

कान उलटून वास घे. हो, नाक लाव. चांगल्या कानाला जवळजवळ वास नसतो. आंबूस किंवा शिळ्या पावासारखा वास आला आणि आत तपकिरी मळ दिसला तर बुरशी धरली आहे. अशा कुत्र्याचं डोकं धरून तू त्याला ‘बघ माझ्याकडं’ शिकवायला गेलास तर तो गुरगुरणारच. कानात काडी घालायची नाही, कापूस गुंडाळलेलीही नाही.

पुढं मान, काखा, पोट. फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत. तुझ्या लॅब्रॅडॉरच्या फासळ्या तुला लागल्या का? नसतील लागल्या तर दहा मिनिटांत तो का बसतो याचं अर्धं उत्तर तिथंच मिळालं. आणि त्याच्यासमोर तू खाऊ नाचवतोयस! दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त खाऊ शिकवताना जाऊ द्यायचा नाही आणि तेवढं जेवणातून कमी करायला मालकिणीला सांगायचं. तुकडा हरभऱ्याएवढा पुरतो. कुत्रं तुकडे मोजतं, त्यांचं वजन करत नाही. मनुका आणि द्राक्षं अजिबात नकोत, काही कुत्र्यांची किडनी त्यानं बंद पडते. कांदा-लसूण घातलेलं मटण नको, चॉकलेट नको. बिनसाखरेच्या च्युइंग गममध्ये झायलिटॉल असतं, ते तर थोडंसंही महागात पडतं.

आता पंजे. इथं घाई करू नकोस. एकेक बोट फाकवून बघ. बोटांच्या बेचक्यात, कानाच्या घडीत, शेपटीच्या मुळाशी गोचीड बसते. लहान असताना तिळाएवढी, तपकिरी, चपटी. रक्त पिऊन फुगली की करड्या वाटाण्यासारखी होते आणि लोक तिला चामखीळ समजतात. मी एकदा ‘मस आलाय’ म्हणून दाखवायला आणलेल्या कुत्र्याच्या ‘मसा’ला पाय हलताना बघितलेत. चिमट्यानं कातडीलगत धरायची, सरळ ओढायची आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. रॉकेल नाही, उदबत्तीचा चटका नाही, आणि नखानं चिरडायची तर मुळीच नाही. आणि नुसत्या कुत्र्यावरच्या काढून भागत नाही. ती रक्त पिऊन खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, पलंगाच्या सांध्यात, कुत्र्याच्या गादीच्या शिवणीत हजारांनी अंडी घालते. औषध कुत्र्याला तसंच घरालाही करावं लागतं, हे मालकाला तू नाही सांगितलंस तर कुणी सांगणार नाही.

हे एवढं लांबवतोय त्याला कारण आहे. मृग लागायला आठवडा उरलाय. पावसाळ्यात तुझ्याकडं ‘आळशी झालाय, ऐकत नाही’ म्हणून जी कुत्री येतील, त्यांतली कितीतरी गोचीडतापाची असतील. जेवण कमी होतं, ताप येतो-जातो, हिरड्या फिकटतात, पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात, कधी नाकातून रक्त येतं. रक्त तपासल्याशिवाय पक्कं कळत नाही आणि औषध आठवडेच्या आठवडे चालतं. चार दिवसांत कुत्रं उड्या मारायला लागलं की मालक गोळ्या बंद करतात. तिथं तू आडवा पड.

थर्मामीटर स्वतःचा ठेव. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात हळूच सरकवायचा, शेपूट धरून ठेवायची आणि कुणीतरी तोंडाकडून कुत्र्याशी बोलत राहायचं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. हे माहीत नसल्यानं एका बाईंनी १०१.५ बघून घाबरून घरातली पॅरासिटामॉल दिली होती. कुत्रं धडधाकट होतं, गोळीनं मात्र आजारी पडलं. माणसाची वेदनाशामकं कुत्र्याच्या पोटाची, यकृताची, किडनीची वाट लावतात. लोक तुला विचारतील, ‘सर, तुम्हीच सांगा ना एखादी गोळी, डॉक्टर पाचशे घेतात.’ सांगायची नाही. आपल्या धंद्यातले काही जण गोचिडांवर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन स्वतःच ठोकतात. कोली जातीच्या कित्येक कुत्र्यांच्या मेंदूपर्यंत ते औषध पोचतं आणि कुत्रं दगावतं. तुझं काम बघण्याचं आणि सांगण्याचं. औषध डॉक्टरचं.

उन्हाचं तुला माहीत आहे असं तू म्हणशील. तरी सकाळी साडेदहाला सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर हस्कीला चालवतानाचा व्हिडिओ तू मला पाठवला होतास. तळहाताची मागची बाजू सात सेकंद फरशीवर टेकव. टेकवत नसेल तर त्याचे पायही टेकवायचे नाहीत. कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या गाद्यांतून, तोही नावापुरता. बाकी सगळी मदार धापेवर. त्यातून पगसारखं नकटं कुत्रं असेल तर धापही पुरत नाही. लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, पाय लटपटले की शिकवणी संपली. सावलीत ने, अंगावर साधं गार पाणी ओतत राहा, पंखा लाव, आणि मग दवाखान्याकडं पळ. आधी गार करायचं, मग न्यायचं. ओलं फडकं अंगावर गुंडाळून ठेवू नकोस, थोड्या वेळानं तेच गोधडीसारखं होतं.

जेवणानंतर दोन तास पळवणं, उड्या काही नाही. शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडतो. उलटीचा उमाळा येतो, बाहेर फक्त फेस पडतो, पोट ढोलासारखं लागतं. तासाभराचाही भरवसा नसतो. रात्र असली तरी मालकाला उठव.

लंगडण्याकडंही काणाडोळा नको. १९९३च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ज्या झंजीरनं तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स हुडकून काढलं, तो लॅब्रॅडॉर २००० साली गेला तो हाडाच्या कॅन्सरनं. प्रत्येक लंगडणं तसं नसतं, बहुतेक वेळा काटा किंवा मोडलेलं नखच निघतं. पण दोन दिवसांत उतरलं नाही तर ‘नाटक करतोय’ म्हणायचं नाही.

आता तुझ्या बुटांकडं येतो. तू दिवसाला सात-आठ घरं करतोस. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि बुटाला चिकटून पुढच्या घरी जातो. मोठ्या, लस झालेल्या कुत्र्याला काही होत नाही. दोन महिन्यांचं पिल्लू मात्र रक्ताच्या जुलाबांनी दोन दिवसांत संपतं. फिनाईलनं तो मरत नाही, ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, आणि तेही दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. पिल्लांची घरं दिवसाच्या सुरुवातीला घे आणि जुलाबाचं कुत्रं असलेल्या घरी त्या आठवड्यात जाऊच नकोस, पैसे बुडाले तरी. कुठंही पाऊल टाकण्याआधी लसीची वही माग. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. ‘सगळं झालंय’ हे तोंडी ऐकायचं नाही, तारखा वाचायच्या. जंताच्या औषधाचीही तारीख बघ. ते जंत घरातल्या रांगत्या मुलाच्या पोटातही जातात. लस पुरी नसेल तर पिल्लाला कडेवर घेऊन गॅलरीतून रिक्षा, बँड, भाजीवाला दाखव. जगाची ओळख तेवढीही होते.

पावसाचं साचलेलं पाणी कुठल्याही कुत्र्याला पिऊ देऊ नकोस. उंदराच्या मुतातून लेप्टो पसरतो आणि तो कुत्र्यापुरता थांबत नाही. तुझ्या पायाला जखम असेल तर बूट घालूनच जा. फिरून आलं की पंजे धुऊन बोटांच्या मध्ये कोरडे करायचे. पण रोज साबणानं आंघोळ नको, आणि माणसाचा शाम्पू तर नकोच. कातडी कोरडी पडते, कुत्रं खाजवतं, मग लोक म्हणतात की लक्ष देत नाही.

राहिलास तू. या धंद्यात चावा चुकत नाही. माझ्या डाव्या मनगटावरचा व्रण तू लहानपणी मोजायचास. मला तेव्हा कुणीतरी जखमेवर तिखट आणि चुना भरला होता आणि मी भरू दिला होता. वाचलो, कारण कुत्रं निरोगी होतं, माझ्या शहाणपणानं नाही. चावलं की नळाखाली साबण लावून घड्याळ बघून पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. कुत्र्याची लस झाली असली तरी, पिल्लू असलं तरी, नुसतं ओरखडलं असलं तरी. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर वाचण्याची आशा जवळजवळ नसते. शिवाय कुत्र्यात लक्षणं दिसण्याच्या काही दिवस आधीपासून लाळेत विषाणू असतो. न चावताही आधीच घ्यायची लस असते. तुझ्यासारख्यांसाठीच आहे ती. परवापर्यंत घेतलेली नव्हतीस. या आठवड्यात घे आणि पावतीचा फोटो आईला नाही, मला पाठव. तिला उगाच घोर.

उद्या त्या लॅब्रॅडॉरकडं सकाळी लवकर जा, त्याचं खाणं व्हायच्या आत. हिरडी, ताप, फासळ्या, पुढच्या पायांची बोटं, आणि तो बसल्यावर मागचे पाय कुठं टाकतो ते बघ. बसायला सांगू नकोस, आपणहून बसेल तेव्हा बघ. संध्याकाळी फोन कर. आठनंतर कर, आधी मी धोम धरणाकडं फिरायला गेलेला असतो.

तुझा,
मामा