कर्म एकाचे, फळ दुसऱ्याचे
कर्म करणारा तोच फळ भोगणारा, हे कर्मसिद्धान्ताचे गृहीतक थरोब्रेड घोड्याला, म्हणजे शर्यतीसाठी वंशावळ काटेकोर राखून पैदा केलेल्या जातीला, लावले की डळमळते. अमेरिकेतील सेक्रेटेरियट हा असा घोडा १९७३ मध्ये बेलमाँटची दीड मैलांची शर्यत २ मिनिटे २४ सेकंदांत, ३१ घोडे मावतील इतक्या अंतराने जिंकला. पण त्याच्या पैदाशीचे हक्क ६०.८ लाख डॉलरना आधीच विकले गेले होते, म्हणजे फळाची वाटणी कर्माआधीच उरकली होती. फलाशा नाही म्हणून घोड्याला निष्काम कर्मयोगी म्हणणे मात्र भाबडेपणाचे, कारण जे मागताच येत नाही त्याचा त्याग कसला? उलट फळ मागता येत असूनही त्याच्यावर पैज लावणाऱ्यांनी त्या दिवशीची ५,६१७ विजयी तिकिटे वटवलीच नाहीत, बहुधा आठवण म्हणून जपली. अर्थात २ डॉलरच्या तिकिटावर नफा होता २० सेंट.