जाळी कुठून आली?

प्रश्न फार लहान वस्तूवरून निघाला, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. नीतिशास्त्राचा लेख म्हटला की वाचक युद्ध, गर्भपात, भ्रष्टाचार अशा विषयांची अपेक्षा करतो. येथे विषय आहे मोटारगाडीतील स्पीकरवरच्या दोन प्लास्टिकच्या जाळ्यांचा, आणि किंमत आहे दीडशे रुपये.

आमच्या धर्मग्रामाकडे १९९७ सालची एक मारुती ८०० आहे. एका कुटुंबाने परदेशी स्थायिक होताना ती चर्चला दिली. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती विकली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये या गाडीचे उत्पादन थांबले. तेव्हा आमची गाडी म्हणजे वंश खुंटलेल्या घराण्यातील म्हातारी म्हणावी. पंधरा वर्षे उलटल्यापासून दर पाच वर्षांनी तिची नोंदणी नव्याने करावी लागते, वर पर्यावरण कर भरावा लागतो, आणि दर खेपेस अर्थसमितीत कोणी तरी हळूच म्हणते, “फादर, आता हिला निरोप द्या.” आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद नेण्यास ती पुरेशी आहे, म्हणून आम्ही ते मनावर घेत नाही.

तिच्या मागच्या काचेखाली जी फळी आहे, तिच्यात दोन लंबगोल स्पीकर बसवलेले आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांवरच्या जाळ्या निकामी झाल्या. त्या जागी ऊन काचेतून थेट पडते आणि वर्षानुवर्षे ऊन खाऊन प्लास्टिक ठिसूळ होते. प्रथम खालच्या बारीक खुंट्या तुटतात, मग जाळी रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याबरोबर खडखडू लागते. आमच्या एका जाळीवर मेणबत्त्यांचे खोके टेकले आणि ती सरळ आत गेली. दुसरी आम्ही हातात घेतली तेव्हा तिचे दोन तुकडे झाले.

जाळी नुसती शोभेची असती तर आम्ही तो विषय तेथेच सोडला असता. परंतु तिच्याखाली कागदाचा शंकू असतो, आणि तो थरथरतो म्हणूनच आवाज निघतो. भिवंडीसारख्या गावात तो उघडा राहिला की काय होते ते येथील रहिवाशांना सांगावयास नको. यंत्रमागांच्या गल्ल्यांतून हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात, आणि माणकोली, राहनाळकडील गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ त्यांना येऊन मिळते. महिन्याभरात शंकूवर करड्या लोकरीसारखा थर बसला. गाडीत रोझरी लावली की सर्दीने बेजार झालेला कोणी प्रार्थना सांगत आहे असे वाटे.

नवी जाळी नव्या स्पीकरबरोबरच मिळते आणि तिची भोके जुन्या स्पीकरच्या भोकांशी जुळत नाहीत, असे दोन दुकानदारांनी सांगितले. तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एक तरुण पुढे आला. तो गॅरेजमध्ये काम करतो आणि रविवारी गायकवृंदात गातो. “फादर, उद्या आणून देतो,” तो म्हणाला, आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हुबेहूब तशाच दोन जाळ्या घेऊन आला. आम्ही दीडशे रुपये दिले, आभार मानले.

तो गेल्यावर जाळ्या पुसताना आम्ही त्या उलट्या केल्या. एकीच्या मागे बॉलपेनने ‘डा’ असे लिहिले होते आणि दुसरीच्या मागे ‘उ’. कोणीतरी डावी कोणती, उजवी कोणती हे लक्षात राहावे म्हणून काळजीने लिहून ठेवले होते. अक्षर वळणदार होते.

त्याआधी दोनच आठवडे, रविवारच्या मिस्साच्या वेळी, चर्चच्या फाटकाबाहेर उभ्या केलेल्या एका कुटुंबाच्या गाडीचे दोन्ही बाजूंचे आरसे कोणीतरी काढून नेले होते. पुढच्या रविवारी आम्ही सातव्या आज्ञेवर प्रवचन दिले, आणि चोराइतकाच ग्राहकही दोषी असतो असे जरा आवाज चढवून म्हटले. आता आमच्या टेबलावर दोन जाळ्या होत्या आणि त्या कुठून आल्या हे आम्ही विचारले नव्हते.

एखादा म्हणेल, एवढ्याशा प्लास्टिकला कोण विचारतो? त्यातच खरी मेख आहे. मोटारीच्या सांगाड्यावर क्रमांक कोरलेला असतो, इंजिनावर असतो. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत द्यायची तर कागदपत्रे तपासली जातात, गाडी चोरीची नाही ना हे पाहिले जाते, आणि मालकाला प्रमाणपत्र मिळते. जाळीला क्रमांक नसतो. तिची काही ओळख असेल तर ती एवढीच, की घेणाऱ्याने विचारावे आणि देणाऱ्याने सांगावे. कायदाही येथे फार पुढे जात नाही. पूर्वीच्या दंडसंहितेचे ४११ वे कलम असो की जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या न्यायसंहितेचे ३१७ वे, दोन्हींचा रोख एकच आहे: वस्तू चोरीची असल्याचे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, ती घेणारा अपराधी. ज्याने विचारलेच नाही, त्याला माहीतही नसते आणि कारणही दिसत नाही. आपल्यापैकी पुष्कळांची निर्दोषता या जातीची असते.

गोरेगावच्या सेमिनरीत आम्ही शिकत असताना चोरीच्या प्रकरणात गंभीर विषय आणि क्षुल्लक विषय असा भेद शिकवला जात असे. तो भेद योग्यच आहे. पेरू चोरणारा पोर आणि विधवेची पुंजी लुबाडणारा सावकार यांना एका मापाने मोजणे हा न्याय नव्हे. परंतु सतराव्या शतकात काही चतुर पंडितांनी त्यातून एक पळवाट काढली. थोडे थोडे करून कितीही मोठी रक्कम चोरली तरी ती परत करण्याचे गंभीर बंधन नाही, असे ते म्हणू लागले. पोप इनोसंट अकरावे यांनी मार्च १६७९ मध्ये ज्या पासष्ट विधानांचा निषेध केला, त्यांत हेही एक होते. तेव्हा विचार एका चोराच्या अनेक लहान चोऱ्यांचा झाला होता. आज बाजारात चित्र उलटे दिसते. हजार ग्राहक प्रत्येकी एकच लहान वस्तू न विचारता घेतात, प्रत्येकाचा वाटा क्षुल्लक ठरतो, आणि त्या हजारांच्या आधारावर रात्री फिरणाऱ्याचा धंदा चालतो.

म्हणून आम्ही विचारायचे ठरवले, आणि येथे आमची चूक झाली.

तो तरुण गायनाच्या सरावाला आला असता आम्ही त्याला सर्वांदेखत हाक मारली आणि जाळ्या पुढे धरून म्हटले, “या कुठून आणल्यास?” शब्द तीनच होते, पण आवाज प्रवचनातला होता. तो लाल झाला. “फादर, दुकानातून,” एवढेच म्हणाला. पुढचे तीन रविवार तो सरावाला आला नाही.

त्या दिवसांत आम्हांला तोबीतची कथा वारंवार आठवली. तोबीत आंधळा झाला होता आणि त्याची पत्नी अन्ना विणकाम करून घर चालवीत होती. भिवंडीच्या वाचकांना ते घर ओळखीचे वाटेल. एकदा मालकांनी कापड पाहून पूर्ण मजुरी दिली आणि वर खुशीने एक करडू दिले. घरात करडू ओरडताच तोबीत म्हणाला, हे चोरीचे असेल, परत कर. तिने परोपरीने सांगितले, त्याचा विश्वास बसला नाही. मग ती संतापून बोलली, आणि बोलली ते योग्यच बोलली. तोबीतचा नियम बरोबर होता. चुकीचे होते ते माणूस ओळखणे. करडू पाहून त्याला चोर सुचला, पण आपल्यासाठी हात झिजवणारी स्त्री सुचली नाही. आम्ही तर डोळस होतो.

चौथ्या रविवारी आम्हीच त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या आईसमोर क्षमा मागितली. ती माउली संकोचाने चहा करायला उठली. तो काही वेळाने म्हणाला, “फादर, चला, दुकानच दाखवतो.”

कल्याण रस्त्यावर एका गाळ्यात दुकानदार वृद्ध गृहस्थ बसले होते. आमचा झगा पाहून ते घाबरले नाहीत की रागावलेही नाहीत. मोठ्या वस्तूंची त्यांच्याकडे वही होती. इंजिन कोणाकडून घेतले, दार कोणाकडून, हे लिहिलेले. जाळ्यांविषयी विचारले तेव्हा त्यांनी कोपऱ्यातील गोणीकडे बोट दाखवले. “हे वजनावर येतं, फादर. कोण आणून टाकतो, कुठून, ते लिहायला बसलो तर दिवस पुरायचा नाही.” ते खोटे बोलत आहेत असे आम्हांला वाटले नाही. वळणदार अक्षराचा मालक गाडी मोडीत देऊन सुखाने घरी बसला असेल, किंवा एखाद्या सकाळी फुटलेल्या काचेपुढे उभा राहिला असेल. दोन्ही शक्य होते, आणि गोणीला त्यातले काही ठाऊक नव्हते.

शास्त्र येथे आम्हांला मोकळे करते. वस्तू शुद्ध हेतूने घेतली, मागाहून शंका आली, प्रामाणिक चौकशी केली आणि तरी उलगडा झाला नाही, तर ताबा असणाऱ्याने ती ठेवावी. वस्तू दुसऱ्याची असल्याचे निश्चित असून मालक सापडत नसेल, तर तिचे मूल्य त्याच्या कल्याणार्थ गरिबांना द्यावे, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात. आमच्या बाबतीत तेवढी निश्चिती नव्हती, तरी आम्ही दीडशे रुपये गरिबांच्या पेटीत टाकले. समाधान झाले असे म्हणता येणार नाही. चौकशी आम्ही पैसे दिल्यानंतर केली होती, आधी नव्हे. आणि ‘शुद्ध हेतू’ या शब्दांत केवळ आळस किती मावतो, याचा हिशेब त्या पेटीत होत नाही.

जाळ्या बसवायला तोच तरुण आला. त्याने मऊ ब्रशने शंकूवरचे तंतू काढले. एका विणकर धर्मग्रामस्थाने विरळ विणीच्या कोऱ्या कापडाचा तुकडा दिला होता. तोंडाशी धरून फुंकावे, फुंकर पार गेली तर आवाजही पार जातो, असे त्याने सांगितले होते. ते कापड जाळीच्या आतून लावले म्हणजे तंतू पुन्हा आत जाणार नाहीत. मग त्याने जाळी उलटी करून अक्षर पाहिले.

“फादर, डावी म्हणजे गाडीत बसलेल्याची, की मागून बघणाऱ्याची?”

ज्याने लिहिले त्याला ठाऊक, आम्ही म्हणालो. त्याने एकदा अशी, एकदा तशी बसवून पाहिली, आणि ज्या बाजूने खुंट्या नीट बसल्या त्या बाजूने अंगठ्याने दाबून घट्ट केली.