बैठक आणि पावित्र्य

जुन्या वास्तूत कलावंताला जागा दिली की तिचे पावित्र्य उणावते, की वाढते? संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) तमाशात लावण्या गात. अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केल्यावर ते कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. गळा तोच राहिला. बदलली ती बैठक.

सावंतवाडीच्या राजवाड्यात बैठक बदलावी लागली नाही. तिथल्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी या दांपत्याने १९७० च्या दशकात लोपत चाललेली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांची कला, सावरली आणि कारागिरांना थेट दरबारात बसवले. तिथे चित्रकार गोल पानावर बारीक कुंचल्याने मत्स्य, कूर्म, वराह रेखाटतात. वर लाखेचा थर चढतो. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे १२० पाने. देव खेळाच्या पानावर येतो, हातोहात फिरतो, प्रसंगी हरतोही. पण त्याचा विटाळ कुणी मानत नाही. मानावा तरी कसा? वैष्णवांनी सृष्टीलाच लीला, म्हणजे खेळ, म्हटले आहे. दरबार रिकामा ठेवून त्याचे पावित्र्य टिकले असते, हे पटत नाही.